डिजिटल अकॉर्डियन: दाब मोजला, प्रवाह राहिला

डिजिटल अकॉर्डियनचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, "एवढ्या आवाजांचं मशीन असताना जुनी पेटी कशाला?" आणि दुसरी, "यात श्रुती कुठे आहेत?" पहिल्या प्रतिक्रियेवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. दुसरी मात्र गंभीर माणसं देतात. डिजिटल हार्मोनियम, मिडी पेटी, भारतीय की-बोर्ड अशा विषयांवर सिनॉप्सिस लिहायला बसलेली मुलं मला भेटतात, तेव्हा त्यांच्याही पहिल्या पानावर बावीस श्रुतीच असतात. माझं म्हणणं असं की ही टीका चुकीच्या जागी लागते. या वाद्यात खरंच काहीतरी हरवलं आहे, पण ते स्वरांच्या उंचीत हरवलेलं नाही. ते भात्यात हरवलं आहे. हे नीट सांगायचं तर थोडं भौतिकशास्त्र लागेल. घाबरू नका, बारावीपुरतंच आहे.

आधी वाद्याबद्दल. पेटी आणि अकॉर्डियन ही भावंडंच. दोन्हीत धातूची पातळ जीभ असते, तिला आपण रीड किंवा नुसतं सूर म्हणतो. हवेच्या झोतात ती थरथरते आणि आवाज येतो. आपल्याकडे अकॉर्डियन मैफलीत रुजलं नाही, पण रेकॉर्डिंग स्टुडिओत मात्र त्याचा दबदबा होता. पुण्याचे इनॉक डॅनियल्स, मुंबईचे गुडी सीरवाई आणि केरसी लॉर्ड ही नावं जुन्या हिंदी गाण्यांच्या रसिकांना सांगायला नकोत. 'आराधना' (१९६९) मधल्या 'रूप तेरा मस्ताना'त जे अकॉर्डियन श्वास घेतल्यासारखं मागे-पुढे होतं, ते लॉर्ड यांचं. आणि गंमत म्हणजे हिंदी सिनेसंगीतात सिंथेसायझर आणणाऱ्या पहिल्या लोकांतही हेच केरसी लॉर्ड. म्हणजे भाता आणि वायर यांचं भांडण आपण समजतो तेवढं जुनं नाही. एकाच माणसाच्या दोन हातांत दोन्ही नांदली आहेत.

रोलँड कंपनीने व्ही-अकॉर्डियन २००४ मध्ये बाजारात आणलं. बाहेरून दिसायला अकॉर्डियनच, भातासुद्धा आहे, पण आत एकही रीड नाही. पट्ट्यांखाली सेन्सर, भात्यात दाब मोजणारा सेन्सर, आणि बाकी सगळं गणित. किंमत काही लाखांच्या घरात. यातून किंवा जुन्या अकॉर्डियनला सेन्सर बसवून जी माहिती बाहेर पडते तिची भाषा म्हणजे मिडी, १९८३ पासूनची. मिडी आवाज पाठवत नाही, हालचाल पाठवतं: अमुक नंबरची पट्टी दाबली, इतक्या वेगाने दाबली, सोडली, भात्याचा दाब आत्ता इतका. आवाज कोणता काढायचा हे पलीकडचं यंत्र ठरवतं. म्हणून भाता ओढून तुम्ही व्हायोलिनचा ताफा वाजवू शकता, हवं तर बासरीही.

आता श्रुतींचा मुद्दा आधी निकालात काढू, म्हणजे पुढे मोकळेपणाने बोलता येईल.

समान अंतराच्या बारा सुरांत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सप्तकाचे १२०० सेंट धरले तर). तानपुऱ्यावर कानाला गोड लागणारा ५/४ गुणोत्तराचा गंधार ३८६.३ सेंटवर येतो. फरक साधारण १३.७ सेंट, म्हणजे ऐकू येण्याजोगा. मिडीमध्ये स्वर वर-खाली सरकवायला जो संदेश आहे त्याला १४ बिट मिळतात, म्हणजे १६,३८४ पायऱ्या. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या वर दोन आणि खाली दोन अर्धस्वरांत, म्हणजे एकूण ४०० सेंटमध्ये वाटल्या जातात. एक पायरी सेंटच्या चाळिसाव्या भागाएवढी होते. गंधार १३.७ सेंटने उतरवायचा तर ५६१ पायऱ्या खाली यायचं, बस. अडचण एवढीच की हा संदेश एका चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना एकदम ओढतो. त्यावर उपाय म्हणजे बारा स्वरांना बारा चॅनेल द्यायचे. मिडीत ते सोळा आहेत, त्यातला दहावा प्रथेने तालवाद्यांचा, तो वगळला तरी पुरतात. एक बटण दाबलं की भूपाचा गंधार, दुसरं दाबलं की दुसरा. हे काम एखादा सेकंड इयरचा मुलगा सुट्टीत करेल.

ज्यांनी हा प्रश्न यंत्र हाताशी नसताना सोडवायला घेतला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. मग क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुती-हार्मोनियम बनवून घेतली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. तिथे जमलेल्या मंडळींचं तिच्यावर एकमत झालं नाही; भातखंडे तर देवलांच्या मांडणीच्या विरोधातच होते. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. त्या बंदीच्या समर्थनातही सुरांची उंची हा मोठा मुद्दा होता. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी प्रत्यक्षात उतरवली: षड्ज आणि पंचम अचल, उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा. काम प्रामाणिक आहे, कानाला फरक कळतो.

पण संशोधक म्हणून आपण विचारायला हवं की गायक खरंच त्या बावीस जागांवर उभा राहतो का. नझीर जयरझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये ध्वनिमुद्रणांवर मोजमापं करून दाखवलं की एकच स्वर वेगवेगळ्या कलाकारांकडून आणि एकाच कलाकाराकडूनही वेगवेगळ्या उंचीवर लागतो. म्हणजे 'अचूक जागा' ही कल्पनाच मोजमापापुढे डळमळते. तरीही शंभर वर्षं आपण पेटीवर टीका करताना तेच एक माप वापरत आलो. कारण सरळ आहे, ते मोजायला सोपं आहे. गुणोत्तर लिहिता येतं, कोष्टक करता येतं. भात्याचं कोष्टक कोणी केलं नाही.

तर भात्याकडे येऊ.

पेटीत दोन भाते असतात. बाहेरचा आपण हाताने हलवतो, तो आतल्या भात्यात हवा भरतो, आणि आतला भाता स्प्रिंगच्या जोरावर ती हवा बऱ्यापैकी एकसारख्या दाबाने सुरांना पुरवतो. हाताचे धक्के तिथे बरेचसे गिळले जातात. अकॉर्डियनला हा साठा नाही. हात आणि रीड यांच्यामध्ये फक्त हवा. म्हणून अकॉर्डियन वाजवणाऱ्याचा डावा हात हा गायकाच्या छातीसारखा असतो. जी कारागिरी पेटीवादक बोटांनी करतो, तिचा अर्धा भाग इथे दंडातून येतो.

आता फटीतून हवा बाहेर पडते त्याचं साधं समीकरण आठवा: प्रवाह हा फटीच्या क्षेत्रफळाच्या आणि दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. खऱ्या अकॉर्डियनमध्ये तुम्ही एक पट्टी दाबली तर एक झडप उघडते, चार दाबल्या तर चार. क्षेत्रफळ चौपट. दाब तेवढाच टिकवायचा तर भाता जवळजवळ चौपट वेगाने चालवावा लागतो. हाताला ते लगेच कळतं. मंद्र सुरांची मोठी रीड जास्त हवा खाते, तार सुरांची कमी, तेही कळतं. थोडक्यात, वाद्य वाजवणाऱ्याला परत काहीतरी सांगत असतं. विजेच्या भाषेत बोलायचं तर दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट, आणि उघड्या झडपा म्हणजे लोड.

डिजिटल अकॉर्डियनने व्होल्टेज मोजलं आणि लोड काढून टाकला. भात्यात हवा कोंडली जाऊ नये म्हणून एक छिद्र ठेवलेलं असतं. ते लहान-मोठं करून भाता जड-हलका करता येतो, पण वाजवताना ते एका जागी असतं. एक सूर वाजवा की आठ वाजवा, हाताला फरक नाही. समीकरणातलं क्षेत्रफळ गोठवून टाकलं. या वाद्याबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती ध्वनिमुद्रण ऐकून कधीच लक्षात येणार नाही. ऐकणाऱ्याला येणारा आवाज उत्तम असू शकतो. बिघाड वाजवणाऱ्याच्या बाजूला आहे. तुलनेचे जे व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवतात (डोळे मिटून ओळखा, कोणतं खरं?) ते म्हणूनच या प्रश्नाला उपयोगाचे नाहीत. ते वक्त्याचं भाषण तपासतात. वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो का हे तपासत नाहीत.

कंपनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. नंतरच्या एफआर-८एक्स मॉडेलमध्ये भात्याचा प्रतिकार वादनाप्रमाणे बदलण्याची व्यवस्था त्यांनी आणली. म्हणजे उणीव त्यांनीच मान्य केली. पण ही गोष्ट महागड्या मॉडेलची शोभा म्हणून येते आणि जाहिरातीत पुढे काय असतं, तर आवाजांची संख्या. घेणारा आवाज मोजतो, विकणारा आवाज दाखवतो. हे आपल्याकडे पेटी घेतानाही होतंच म्हणा. दुकानात आधी कप्लर आहे का विचारतात, भाता किती वेळ हवा धरतो हे कोणी बघत नाही.

दुसरी गोष्ट भाता उलटण्याची. खऱ्या अकॉर्डियनमध्ये एकाच पट्टीखाली दोन रीड असतात, एक भाता ओढताना वाजते, दुसरी ढकलताना. दिशा बदलली की एक रीड थांबते, दुसरी सुरू होते. त्या क्षणी दाब शून्यातून जातो आणि नव्या रीडला बोलायला थोडा वेळ लागतो, मोठ्या रीडला जास्त. स्वराचा जन्म पुन्हा होतो. मिडीला हे सांगता येत नाही, कारण पट्टी दाबलेलीच आहे. त्याच्या दृष्टीने स्वर एकच, फक्त आवाज शून्यावर जाऊन परत आला. पलीकडे व्हायोलिनचा आवाज लावला असेल तर कोणीतरी रेडिओचं बटण झटकन फिरवल्यासारखं ऐकू येतं. भाता वेगाने हलवून जो थरथरता परिणाम काढतात, तो इथे निव्वळ आवाज कमी-जास्त करणं होऊन बसतो. उपाय आहे: दाबाचं चिन्ह बदललं की यंत्राने स्वतः स्वर बंद करून नव्याने सुरू करायचा. स्वतः सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हे दहा ओळींत जमतं. मग प्रश्न येतो, दर वेळी किती जोराने सुरू करायचा? आणि तिथे पुन्हा भात्याच्या वेगाची माहिती लागते, जी आपण मोजलेलीच नाही.

तिसरी, पायऱ्यांची. मिडीत भात्याचा दाब सहसा ११ नंबरच्या कंट्रोलरवर पाठवतात आणि त्याला सात बिट, म्हणजे ० ते १२७. एवढ्याने भागतं असं बरेचजण म्हणतात. हिशेब करून बघा. आवाजाची डेसिबलमधली पातळी ठरवायला जे सूत्र सुचवलेलं आहे त्यात आकड्याला १२७ ने भागून लॉग घ्यायचा आणि ४० ने गुणायचं. १२६ वरून १२७ वर गेलात तर फरक ०.१४ डेसिबल, कानाला कळणारही नाही. पण १० वरून ११ वर गेलात तर १.७ डेसिबल, आणि १ वरून २ वर चक्क १२. म्हणजे जिथे वाद्य मोठ्याने ओरडतं तिथे आपण बारीक मोजतो आणि जिथे कुजबुजतं तिथे ढोबळ. भात्याची सगळी नजाकत त्या कुजबुजीत असते. पलीकडचं यंत्र या पायऱ्या गुळगुळीत करून घेतं हे खरं, पण गुळगुळीत करणं म्हणजे उशीर करणं, आणि नसलेली माहिती त्यातून येत नाही. २०२० च्या मिडी २.० मध्ये कंट्रोलरला ३२ बिट दिले आहेत. वाद्यं आणि यंत्रं त्या भाषेत बोलायला लागली की ही तक्रार मिटेल. आधीच्या दोन मात्र बिट वाढवून मिटणाऱ्या नाहीत. तुमच्या प्रस्तावात उणिवांची यादी करताना हा भेद ठेवा; सगळ्या उणिवा एकाच माळेत ओवल्या की गाइड पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

बरं, हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग जुन्या अकॉर्डियनलाच सेन्सर बसवू. बसवा, मला तोच मार्ग जास्त पटतो. बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलात तर आर्डुइनो, चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर हे सगळं मिळतं. फक्त दाबाचा सेन्सर घेताना एक सापळा आहे. स्वस्त मिळतात ते बॅरोमीटर प्रकारचे, म्हणजे पूर्ण वातावरणाचा दाब मोजणारे. भात्यातला दाब बाहेरच्यापेक्षा ढोबळमानाने शंभर ते हजार पास्कलने वेगळा असतो. आणि नागपुरात एकाच दिवसात सकाळी दहाच्या सुमाराचा आणि दुपारी चारच्या सुमाराचा हवेचा दाब यांतच तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे ३००-४०० पास्कलचा फरक पडतो. सकाळी शून्य लावलेलं वाद्य दुपारी कोणी हात न लावता 'भाता ओढलाय' असं सांगायला लागेल. ते घेऊन तीन मजले चढलात तर आणखी शंभरेक पास्कल. म्हणून एक नळी भात्यात आणि दुसरी बाहेर उघडी असा फरक मोजणारा सेन्सर घ्यावा, उदाहरणार्थ उणे २ ते अधिक २ किलोपास्कलचा. किंवा दोन बॅरोमीटर, एक आत एक बाहेर, आणि वजाबाकी.

एका बाबतीत मात्र मी डिजिटलच्या बाजूने आहे आणि ती बाब शुद्ध वैदर्भीय आहे. अकॉर्डियनच्या रीड लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने बसवलेल्या असतात. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात बंद उभी असलेली गाडी आतून किती तापते हे आपल्याला शिकवायला नको. डिकीत राहिलेल्या अकॉर्डियनच्या रीड जागा सोडतात, आणि ते परत बसवणारा कारागीर इथे शोधावा लागतो. पेटीला हा त्रास नाही, तिचे सूर मेणावर बसलेले नसतात. तेव्हा नागपूरच्या ऑर्केस्ट्रातला माणूस रीड नसलेलं अकॉर्डियन घेतो म्हणून त्याला नावं ठेवू नयेत. लग्नाच्या सीझनमध्ये, ४५ अंशांत, त्याला वाद्य वाजायला हवं असतं.

आणि मला यातच एक करण्याजोगा प्रयोग दिसतो. सर्वो मोटर लावून छिद्र लहान-मोठं करायची कल्पना बहुतेकांना आधी सुचते. पण छोट्या स्वस्त सर्वोला ६० अंश फिरायला ०.१ सेकंद लागतो. बोटं तोवर पुढच्या स्वरावर गेलेली असतात. त्यापेक्षा ज्या अकॉर्डियनच्या रीड उष्णतेने किंवा वयाने गेल्या आहेत ते घ्यावं, रीड काढून टाकाव्यात, आणि प्रत्येक झडपेखाली रीडच्या फटीएवढं छिद्र ठेवावं, मंद्राकडे मोठं, तारेकडे लहान. पट्टी आणि झडप तिथे आहेतच. चार पट्ट्या दाबल्या की क्षेत्रफळ आपोआप चौपट होतं, मोटर नको, गणित नको, उशीर नाही. आवाज मिडीचा, भार मात्र खरा.

याची तुलना करायला तेच वाद्य दुसऱ्या अवस्थेत वाजवायचं, झडपांखालची छिद्रं बुजवून आणि एकच कायम छिद्र उघडं ठेवून. वादकाला कोणती अवस्था आहे हे सांगायचं नाही. भाता ओढताना कधीतरी ते त्याच्या लक्षात येईल, पण म्हणूनच त्याच्या मतावर विसंबायचं नाही. आवाज वादकाच्या कानाला दोन्ही वेळा सारखाच जायला हवा, नाहीतर कान हाताची जागा घेईल. मोजायचं काय, तर एका सुरावरून चार सुरांवर जाताना आधीच्या आणि नंतरच्या २०० मिलिसेकंदांतला दाब, दर मिलिसेकंदाला, मिडीत न दाबता थेट सेन्सरवरून. माझा अंदाज असा की खऱ्या भाराच्या अवस्थेत दाब आधी घसरेल आणि मग वादक तो सावरेल, आणि सरावलेल्या वादकात ती सावरण्याची हालचाल पट्टी दाबण्याच्या किंचित आधीच सुरू झालेली दिसेल. कायम छिद्राच्या अवस्थेत ती हालचाल पहिल्या काही मिनिटांत दिसावी, कारण हाताला सवय आहे, आणि मग हळूहळू विरून जावी. ती किती वेळात विरते हा आकडा मला बघायचा आहे. नवशिके आणि वीसेक वर्षं वाजवलेले असे दोन्ही गट घ्या. अकॉर्डियनवाले कमी पडले तर पेटीवाले चालतील, पण त्यांना वेगळ्या गटात ठेवा, कारण त्यांच्या हाताला स्प्रिंगच्या भात्याची सवय असते.